पॅकिंग कॅमेरा, रिटर्नची चोरी आणि तीन मिनिटांची कात्री: सहा-सात महिन्यांचा अनुभव

मी ऑनलाइन कीबोर्ड विकतो. रिटर्नमध्ये फसवणूक झाली म्हणून मार्केटप्लेसकडे (ज्या वेबसाइटवरून माल विकतो तिच्याकडे) भरपाईचा क्लेम केला, तो फेटाळला. कारण एका ओळीत: ‘व्हिडिओ सलग नाही.’ परत आलेल्या कीबोर्डातले स्विच (कळांखालचे खटके) बदललेले होते, पाठवतानाचं आणि उघडतानाचं दोन्ही चित्रण माझ्याकडे होतं, तरी पैसे गेले ते गेलेच. त्यामुळे हा अनुभव डोकं तापलेलं असतानाच लिहितोय. गेल्या महिन्यात लिहिला असता तर पाचातले साडेचार तारे देऊन मोकळा झालो असतो.

पॅकिंगचं चित्रण करणारं हे किट नेहमीचंच: टेबलावरचा स्टँड, वरून खाली बघणारा कॅमेरा, स्कॅनर, वजनकाटा आणि वर्गणीचं सॉफ्टवेअर. लेबल स्कॅन केलं की रेकॉर्डिंग सुरू, पुढचं स्कॅन केलं की बंद, आणि फाईलला ऑर्डर नंबराचं नाव. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच किट वेगवेगळ्या स्टिकरखाली विकलं जातं. ज्याला घ्यायचंय तो ओळखेल.

मूळ काम ते चोख करतं, हे आधी सांगून टाकतो. पूर्वी मी मोबाईलवर चित्रण करायचो. मध्येच फोन आला की रेकॉर्डिंगची वाट लागायची, आणि जुनी ऑर्डर शोधायची वेळ आली की गॅलरीतल्या एकसारख्या खोक्यांच्या ढिगात बोट झिजवायचं. आता नंबर टाकला की पाठवतानाची आणि परत आल्यावरची फाईल शेजारी शेजारी उघडते. तेवढ्यासाठी मोजलेल्या पैशांचं दुःख नाही.

ज्यांच्याकडे रिकामं खोकं किंवा दगड परत येतो त्यांचं प्रकरण निदान बघताक्षणी कळतं. माझ्या मालात चोरी नाजूक हाताने होते. मी हॉट-स्वॅप कीबोर्ड विकतो, म्हणजे सोल्डरिंगच्या भानगडीत न पडता स्विच उपटून दुसरे बसवता येतात. गिऱ्हाईक चांगले स्विच काढून घेतं, स्वतःकडचे जुने ठोकतं, वर आमच्याच कीकॅप (कळांच्या टोप्या) लावतं आणि ‘दोन कळा चालत नाहीत’ म्हणून परत पाठवतं. ८७ कळांचा बोर्ड ८७ कळांचाच दिसतो, दिवे लागतात, सीरियल नंबर जुळतो. या वेळी टायपिंगचा आवाज वेगळा वाटला म्हणून एक कळ उपटली. आमच्या बोर्डात पाच पायांचे स्विच असतात: धातूच्या दोन पिना, मधला जाड खुंट आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचे बारीक पाय. चिमट्यात आला तो तीन पायांचा. बाजूचे पाय नव्हतेच, एक पिन वाकवून पुन्हा सरळ केलेली, आणि पीसीबीवरची, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवरची, ती दोन छोटी भोकं उघडी पडलेली. याहून स्पष्ट पुरावा कुठून आणायचा?

पण तो पुरावा दोन फायलींत वाटला गेला होता. हा कॅमेरा दर तीन मिनिटांनी फाईल तोडतो. गाडीतल्या डॅशकॅममध्ये हे ठीक, तिथे जुनं पुसत नवं लिहायचं असतं. पॅकिंगच्या टेबलावर कशाला? परत आलेलं पार्सल नीट तपासायचं तर लेबल, सहाही बाजू, सील, आतलं खोकं, बोर्ड, केबल, मग संगणकाला जोडून एकेक कळ. तीन मिनिटांत हे कोण उरकतं? माझ्या पहिल्या फायलीच्या शेवटी चिमटा कळेवर टेकलेला आहे, आणि दुसरी सुरू होते तेव्हा स्विच हातात. मधलं सेकंद-दीड सेकंद गायब. क्लेम बघणाऱ्याने म्हटलं की स्विच तुम्हीच बदलला नाहीत कशावरून. त्याच्या खुर्चीत मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, आणि याचाच संताप जास्त आहे.

सपोर्टला लिहिलं. उत्तर: ‘सर, हे फीचर आहे. एक फाईल करप्ट झाली तरी बाकीच्या वाचतात.’ मी म्हटलं, वाचलेल्या फायलींचं लोणचं घालू का, क्लेम तर बुडाला. मग त्यांनी फायली जोडण्याचं टूल पाठवलं. जोडलेल्या व्हिडिओत कोपऱ्यातलं घड्याळ १२:०४:५८ वरून थेट १२:०५:०० वर उडी मारतं. म्हणजे आधी नुसता तुटलेला वाटणारा व्हिडिओ आता फेरफार केलेला वाटतो! तिकीट ‘सोडवलं’ म्हणून बंद. मी पुन्हा उघडलं. नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून रामायण, स्क्रीनशॉट पाठवा, व्हर्जन सांगा. शेवटी तिसऱ्याने सांगितलं की सलग रेकॉर्डिंग वरच्या प्लॅनमध्ये मिळतं. म्हणजे माझ्या टेबलावरच्या याच कॅमेऱ्याला ते जमतं, फक्त जास्त वर्गणी भरेपर्यंत त्याने न जमल्याचं सोंग करायचं. वर्गणी परवडत नाही असं नाही. भरायचीच नाही, हा प्रश्न आहे.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि तारे दोन केले होते. पुढचं काही आठवड्यांनी लिहितोय, कारण मत थोडं हललंय.

हललं ते वजनकाट्यामुळे, ज्याच्याकडे मी ढुंकूनही बघत नव्हतो. काट्यावरचा आकडा थेट व्हिडिओवर छापला जातो, आणि त्याच मॉडेलच्या आधीच्या वजनांपेक्षा फार वेगळा असेल तर लाल होतो. एका सीलबंद खोक्याचं वजन चाळीसेक ग्रॅमने कमी आलं. उघडून पाहिलं तर कारखान्यातूनच केबल टाकायची राहिलेली. ते खोकं तसंच गेलं असतं तर गिऱ्हाईक ‘केबल नाही’ म्हणालं असतं आणि मी त्याला चोर ठरवून मोकळा झालो असतो. प्रत्येक तक्रार लबाडीची नसते, हे एरवी तोंडाने म्हणतो, काट्याने ग्रॅममध्ये दाखवलं. बदललेल्या स्विचच्या बाबतीत मात्र काटा निरुपयोगी, दोन्हींचं वजन जवळपास सारखंच भरतं.

लेबलच्या फसवणुकीतही वजन कामी येतं. रिटर्नचं लेबल भलत्याच पाकिटावर चिकटवायचं, आत रद्दी, आणि ट्रॅकिंगवर ‘परत पोचलं’ उमटलं की झालं. काही मार्केटप्लेस तर कुरिअरने पार्सल उचलून पहिलं स्कॅन केलं की लगेच रिफंड सोडतात, माल विक्रेत्यापर्यंत यायच्या आधीच. अशा वेळी आपल्या उघडतानाच्या व्हिडिओपेक्षा पाठवतानाचं वजन आणि कुरिअरने नोंदवलेलं परतीचं वजन शेजारी ठेवलेलं जास्त पटतं. कुरिअर हा तिसरा माणूस, त्याच्या आकड्यावर मी खोटं बोलतोय असं म्हणता येत नाही.

दुसरा बदल उघडण्याच्या पद्धतीत. आता परतीचं पार्सल आलं की आधी रेकॉर्डिंगशिवाय काही हात लावायचा नाही वगैरे नेहमीचं आहेच. पण चिमटा, ब्लेड आणि एक अस्सल स्विच नमुना म्हणून आधीच कॅमेऱ्याखाली मांडून ठेवतो. लेबल, काटा, सहा बाजू, कापणं, सीरियल नंबर, आणि थेट कोपऱ्यातल्या दोन-तीन कळा. पाच पायांचा नमुना शेजारी धरायचा, विषय संपला. दिवे आणि केबलची तपासणी नंतर, वेगळ्या फायलीत. पुढचा स्विचचा क्लेम या छोट्या व्हिडिओवर मंजूर झाला. लांबलचक चित्रण बघायला तिकडे कुणाला वेळ नसतो, हे त्यातून कळलं. याचा अर्थ तीन मिनिटांच्या कात्रीने मला शिस्त लावली, असं सपोर्टवाल्यांनी म्हणू नये. म्हणतील.

आता किरकोळ गोष्टी. सोबत आलेला गोल दिवा चकचकीत पिशवीवर असा काही चमकतो की बारकोड पांढरा फटक दिसतो. दिवा बाजूला तिरका वळवा किंवा बंदच ठेवा. उघडल्यावर ‘व्हॉइड’ उमटणारी टेप मी वापरतो, पण तिच्यावर विसंबू नका. हुशार लोक टेपला हातच लावत नाहीत, पिशवीची मागची शिवण कापतात. म्हणूनच सहाही बाजू दाखवायच्या, फक्त टेपची नाही.

फाईलचा आकार: १०८०पी ला ४ एमबीपीएस ठेवलं तर मिनिटाला ३० एमबी, म्हणजे एक तुकडा ९० एमबी. सेटिंगमध्ये एच.२६४ ऐवजी एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) केलं की जवळपास निम्मं होतं, पण ते प्रत्येक ब्राउझरमध्ये चालतंच असं नाही. क्लेम बघणाऱ्याच्या पडद्यावर काळा चौकोन आला तर तो तुम्हाला फोन करून विचारणार नाही, फेटाळून मोकळा होईल. जागा वाचवायला मी एरवी जीव टाकतो, पण इथे एच.२६४ च ठेवलंय. कॅमेऱ्याचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवायचा पर्याय मूळ सेटिंगमध्ये बंद असतो, तो आधी चालू करा. पिकअपच्या स्कॅननंतरची वेळ तुमच्या पॅकिंगच्या व्हिडिओवर दिसली तर बोलायची सोय राहत नाही.

एक खटकणारी गोष्ट: प्रत्येक व्हिडिओत गिऱ्हाईकाचा पत्ता आणि फोन नंबर स्पष्ट दिसतो आणि तो सगळा कंपनीच्या सर्व्हरवर जातो. ठराविक मुदतीनंतर आपोआप पुसायची सोय आहे, पण तीन मेनू आत लपवलेली. क्लेमची मुदत संपली की पुसलं जाईल असं मी लावून घेतलंय.

तारे साडेतीन. अर्धा कापला तो दिव्यासाठी, एक कात्रीसाठी. वर्गणीची तारीख जवळ आलीय. वर्षाची एकदम भरली तर सूट देतो असे मेल रोज येतायत. मी महिन्याचीच भरणार, खालच्याच प्लॅनची. तुम्ही नवीन घेत असाल तर पैसे देण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: ‘तुमच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये दहा मिनिटांची एक अखंड फाईल मिळते का?’ उत्तरात ‘फीचर’ हा शब्द आला तर पुढचं दुकान बघा.