युद्धानंतरची लोकसंख्या: रवांडा आणि बोस्निया

रवांडात 1991 च्या जनगणनेत सुमारे 71 लाख लोक होते. 1994 चा नरसंहार होऊनही 2002 मध्ये 81 लाख, 2022 मध्ये 1.32 कोटी. बोस्नियात मात्र 1991 चे 43.77 लाख 2013 मध्ये 35.31 लाखांवर आले.

फरक फक्त जन्मदराचा नाही. रवांडात 1959 पासून परागंदा झालेली कुटुंबं परतली, 1996 च्या अखेरीस झाईर (आजचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक) आणि टांझानियातून लाखो रवांडी निर्वासित परत आले. त्यामुळे 1991 आणि 2002 च्या आकड्यांत माणसं तीच नाहीत. नुसती वजाबाकी केली की मृत्यू कमी दिसतात. 2002 मध्ये स्त्रिया सुमारे 52 टक्के होत्या, खरी जखम तिथे दिसते.

बोस्नियात 1992-95 चं युद्ध संपवणाऱ्या डेटन शांतता कराराच्या सातव्या परिशिष्टाने घरी परतण्याचा हक्क दिला. घराची किल्ली परत मिळाली, पण नोकरी आणि मुलांची शाळा दुसरीकडेच होती. अनेकांनी घर ताब्यात घेऊन विकलं. म्हणून परत मिळालेल्या घरांवरून परतलेली माणसं मोजू नयेत. परदेशी राहणाऱ्यांना रहिवासी धरायचं का, यावरच 2013 च्या जनगणनेचा वाद पेटला आणि निकाल 2016 मध्ये आले.