मूळ फाईल त्याच्या हातात दिली, तिथंच फसलो

परवा मिरजेत हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर आम्हाला फसवणारा तो दलाल पुन्हा दिसला. समोर एक म्हातारं जोडपं, आणि हा त्यांची फाईल चाळतोय. म्हणून हे लिहितेय, नाहीतर आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही.

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीनं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टरांचं एकच, ‘गॅस आहे, फिरवा त्यांना.’ सहाव्या दिवशी सोनोग्राफी केली आणि घाईघाईनं पुण्याला न्यायला सांगितलं. तिथं कळलं, पित्तनलिकेला इजा झालीय. दुसरं ऑपरेशन, दीड महिना मुक्काम. द्राक्षबागेवर काढलेलं कर्ज त्यात गेलं.

मिरजेचं उरलेलं बिल भरायला गेलो तेव्हा हा भेटला. आईची चौकशी इतक्या मायेनं केली की दाजींचे डोळे भरले. म्हणाला, “ताई, डॉक्टरला आत बसवतो. न्हाईतर वीस लाख तरी काढून देतो.” स्वतःला ‘वकीलसाहेबांचा माणूस’ म्हणवायचा. साहेब कधी दिसले नाहीत. त्यानं ३५ हजार रोख नेले, त्यातले १२ हजार ‘कोर्ट फी’चे. आणि मूळ फाईल: डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, बिलं, सगळं. झेरॉक्स काढायचंही आम्हाला सुचलं नाही. फोन केला की ‘कमिटी बसलीय’, ‘डॉक्टर नरमलाय, आता घाई नको.’

शेवटी मावसभावानं हाताला धरून सांगलीत विजयनगरला कोर्टात नेलं. तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हे मला चाळिशीत कळलं. अर्ज आईच्या नावानं केला. वकीलबाईंनी पहिलं विचारलं, “ऑपरेशन कधी झालं?” डॉक्टरकडून भरपाई मागायची ती ग्राहक आयोगात, आणि तिथं तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. उशिराचं कारण पटलं तर माफ होतो, पण भरवसा नाही. आमचे २१ महिने झाले होते. तो घाई नको का म्हणायचा, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

कोर्ट फीचं सांगितल्यावर बाई हसल्याच. दवाखान्यात भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगात फी शून्य!

आणि ‘आत बसवतो’? सर्वोच्च न्यायालयानं २००५ सालीच सांगितलंय, की डॉक्टरवर गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी दुसऱ्या तटस्थ, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं, आणि उगाच अटक करू नये. भरपाईची वाट वेगळी. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हा निकाल १९९५ चा.

मग वकीलबाईंनी आमची हवाही काढली. नलिकेला इजा चांगल्या हातूनही होऊ शकते, तेवढ्यावर हलगर्जीपणा ठरत नाही. प्रश्न मधल्या दिवसांचा. पिवळे डोळे दिसत असताना तपासणी का केली नाही? त्यावर दुसऱ्या सर्जनचं लेखी मत लागेल, आणि त्यासाठी कागद. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, आणि ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. काउंटरवर आमचा अर्ज कुणी घेईना, तेव्हा पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानं पाठवला.

आलेल्या गठ्ठ्यात नर्सच्या नोंदी होत्या. डिस्चार्ज कार्डात यातलं काहीच नसतं. तिसऱ्या रात्रीच्या पानावर लिहिलेलं: पोट फुगलंय, डॉक्टरांना फोन केला. चौथ्या रात्री पुन्हा तेच. मी ते पान दोनदा वाचलं आणि दाजींकडे दिलं.

तक्रार मुदतीच्या १९ दिवस आधी दाखल झाली. निकाल लागेल तेव्हा लागेल. त्या माणसाकडे पैसे मागितले तर म्हणाला, “ताई, ते खर्चात गेले की.” पावती नव्हती.

परवा टपरीवर मी त्या म्हाताऱ्या काकींशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, “ऑपरेशन कधी झालं?”