एम5 घरी आली: 1.99 कोटी, 2,435 किलो आणि खंबाटकीचा उतार

आमच्या दादानं फेब्रुवारी 2025 मध्ये बीएमडब्ल्यू एम5 घेतली, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी (हायब्रिड) वेगवान सेडान. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. त्याची फाउंड्री, म्हणजे धातूचं ओतकाम करायचा कारखाना आहे, आणि त्याच्या कास्टिंगचं मशिनिंग माझ्या शेडमध्ये होतं. गाडी पुण्याहून कोल्हापूरला आणताना मी सोबत होतो. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी ती माझ्या हातात येतेच. सहा महिने झाले, आता लिहायला हरकत नाही.

ही गाडी आमच्यात येण्याआधी तिच्यावर पाच महिने भांडण झालं होतं. जून 2024 मध्ये बीएमडब्ल्यूनं नवी एम5 जगाला दाखवली आणि त्याच संध्याकाळी आम्ही चौघं चहाच्या गाड्यावर जमलो. दादा, मी, गॅरेजवाले मिस्त्री आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारे आमचे सर. भारतात किंमत काय लागणार? मिस्त्री सव्वादोन कोटींवर ठाम होते. हेच व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आणि जवळपास हीच हायब्रिड यंत्रणा असलेली बीएमडब्ल्यूचीच एक्सएम एसयूव्ही 2022 च्या डिसेंबरात 2.60 कोटींना आली होती, त्यामुळे त्यांचा हिशोब चूक म्हणता येत नव्हता. सर म्हणायचे, जुनी एम5 कॉम्पिटिशन 2021 मध्ये 1.62 कोटींना होती, एवढी उडी मारणार नाहीत. मी दोन कोटी दहा लाख धरले होते.

मग नोव्हेंबर उजाडला. 12 तारखेला मर्सिडीज-एएमजी सी 63 एस ई परफॉर्मन्स 1.95 कोटींना जाहीर झाली आणि नऊ दिवसांनी, 21 तारखेला, एम5 आली 1.99 कोटींना, एक्स-शोरूम. मिस्त्रींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. सी 63 ला 680 अश्वशक्ती आहे, पण दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि गाडीही एक वर्ग लहान. चार लाख जास्त टाकून 4.4 लिटरचं व्ही8, 727 अश्वशक्ती आणि पाच मीटरहून लांब सेडान मिळते म्हटल्यावर दादाचं त्याच रात्री ठरलं.

किमतीचं अजून थोडं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. गाडी पूर्ण बांधून जर्मनीहून येते, त्यामुळे सीमाशुल्क, त्यावर जीएसटी, आणि शेवटी आपला रस्ता कर. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर 13 टक्के. 1.99 कोटींवर तो 25 लाख 87 हजार होतो. दादानं घेतली तेव्हा कमाल मर्यादा 20 लाख होती. 1 जुलै 2025 पासून ती 30 लाख झाली, म्हणजे त्यानंतर त्याच किमतीला घेणाऱ्याला आख्खे 25 लाख 87 हजार पडतात. कंपनीच्या नावावर घ्यायची असेल तर कराचा दर आणखी वर जातो. सीएला आधी विचारा, मग बुकिंग करा.

आता गाडी.

इंजिन एकटं 585 अश्वशक्तीचं. इलेक्ट्रिक मोटर 197 ची, आणि ती बसवलीय कुठं, तर आठ गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत. मला ही गोष्ट फार आवडली. मोटर गिअरबॉक्समध्येच असल्यानं तिचा जोर चारही चाकांना जातो आणि ती गिअरसुद्धा वापरते. त्यामुळे नुसत्या विजेवरही गाडी ताशी 140 किलोमीटरपर्यंत जाते. दोन्ही मिळून टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, 1,000 न्यूटन-मीटर. शून्य ते शंभर 3.5 सेकंदांत.

आणि इथंच आमच्या कट्ट्यावरचा दुसरा वाद. जुनी एम5 कॉम्पिटिशन 625 अश्वशक्तीची होती आणि शंभर गाठायला तिला 3.3 सेकंद पुरायचे. शंभरावर अश्वशक्ती वाढवून गाडी मागं कशी पडली? वजनामुळं. नवीचं वजन 2,435 किलो आहे, जुनीपेक्षा साडेचारशे किलोंहून जास्त. सरांचा जीव 2005 च्या व्ही10 एम5 वर. पाच लिटर, 507 अश्वशक्ती, 8,250 आरपीएमपर्यंत किंचाळत जाणारं इंजिन. त्यांच्या मते 1985 पासून चालत आलेलं नाव या वजनाखाली दबलं.

मी वजनाच्या धंद्यातला माणूस आहे. कास्टिंगमधले दोनशे ग्रॅम कमी करायला ग्राहक आमच्या डोक्यावर बसतो. म्हणून ड्रायव्हिंग सीटवर बसताना मी सरांच्या बाजूचा होतो.

पुणे सोडलं. साताऱ्याकडच्या खंडाळ्याला दादानं किल्ली माझ्याकडे दिली आणि समोर खंबाटकीचा घाट. चढाला मला ते 2,435 किलो शोधूनही सापडले नाहीत. पाय टेकवला की मोटर आधी ढकलते, टर्बो भरायची वाट बघायची गरज नाही, आणि मग खालून व्ही8 चा घुमा आवाज वर येतो. वळणात मागची चाकंही किंचित वळतात. एवढी लांब गाडी त्या अरुंद वळणांतून आमच्या जुन्या स्कोडा लॉरासारखी फिरली, यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. पुढं एक उसाची मोळी बांधलेला ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा. मोकळी लेन मिळाली, पाय दाबला, आणि आरशात तो ट्रॅक्टर केवढासा झाला. नियमात राहून, शंभरच्या आत.

उतार सुरू झाला आणि वजन सापडलं. तिसऱ्या वळणाला ब्रेकवर पाय ठेवला तेव्हा गाडी थांबायला कमी पडली असं अजिबात नाही. पुढच्या डिस्क 410 मिलिमीटरच्या आहेत, ताकद भरपूर. पण पुढचं टोक खाली दबताना मागून काहीतरी मोठं पुढं सरकतंय हे पाठीला कळतं. त्यात पेडलचा पहिला भाग मोटर ब्रेक लावून वीज परत घेण्यात जातो आणि नंतर खरे ब्रेक पकडतात. तो सांधा कुठं आहे हे पायाला शिकायला मला चार दिवस लागले. माझं मत असं: कागदावरचं वजन वेगात आड येत नाही, उतारावर आणि ब्रेकवर येतं. ही गाडी घेऊन घाट उतरणाऱ्यानं ब्रेक थोडा आधी आणि हळू धरायची सवय लावून घ्यावी.

सेटिंग इतकी आहेत की पहिल्या आठवड्यात दादा वैतागला होता. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक, चारचाकी ड्राइव्ह, हायब्रिड, प्रत्येकाचे वेगळे पर्याय. स्टिअरिंगवर एम1 आणि एम2 ही दोन लाल बटणं आहेत, त्यांत आपल्या आवडीची जुळणी साठवून ठेवायची. आम्ही एम1 घाटासाठी लावलं आणि एम2 कुणी दाबायचं नाही असं ठरवलं, कारण त्यात फक्त मागच्या चाकांना जोर जातो.

आतलं मटेरियल छान आहे, टचस्क्रीनचे पडदे मोठे आहेत, त्याबद्दल फार लिहीत नाही. एसीची हवा बदलायलाही पडद्यात शिरावं लागतं, ते मला पटलं नाही. डिकी 466 लिटरची, जुनीत 530 होती. चौघांच्या बॅगा बसतात, पण मोठं सामान असेल तर चौघांचं नाही बसणार.

गाडी घरी आली त्या रात्री आत्याला मागं बसवून रंकाळ्याला फेरी मारली. गाडी विजेवर होती. दादानं ती गेटबाहेर काढली, वळवली, रस्त्याला लागला, आणि आत्या म्हणाली, "आरं, चालू तरी कर की!" तिला वाटलं आम्ही ढकलतोय. पुढं सपाट रस्त्यावर तिनं सीटवर हात फिरवला, टेकून बसली आणि म्हणाली, "ह्यात झोप लागंल बाई." तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. उतरताना तिला हात द्यावा लागला नाही, दार मोठं आहे आणि सीटची उंची बरोबर आहे. एक्सएमसारखी उंच गाडी न घेता सेडानच घ्यायचा दादाचा हट्ट याचसाठी होता.

आता बॅटरी. वापरता येणारी 18.6 किलोवॅट-तासांची. कंपनी विजेवर 69 किलोमीटरपर्यंतचा आकडा देते, दादाला एसी लावून 50 ते 55 मिळतात. घर ते गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर. त्यामुळे आठवड्याचे सहा दिवस व्ही8 ला हात लागत नाही. घरच्या 7.4 किलोवॅटच्या चार्जरवर सव्वातीन तासांत भरते. पण हायवेवरचे फास्ट चार्जर हिला चालत नाहीत, फक्त एसी चार्जिंग आहे. मोठ्या प्रवासाला बॅटरी संपली की पेट्रोलवर दादाला सहा-साडेसहाचं ॲव्हरेज पडतं, आणि टाकी 60 लिटरची. पुणे-कोल्हापूरला पुरते, पण मुंबई गाठून परत यायचं तर पंपाचं गणित आधीच करा.

कुणी विचारतं, मग सरळ बीएमडब्ल्यूचीच पूर्ण इलेक्ट्रिक आय5 एम60 का नाही? ती सुमारे 1.20 कोटींना आली होती, 601 अश्वशक्ती, शून्य ते शंभर 3.8 सेकंद. प्रश्न रास्त आहे. नुसता वेग आणि शांतता हवी असेल तर 80 लाख वाचवा, मी स्वतः तेच सांगेन. पण ज्याला रविवारी पहाटे व्ही8 ऐकायचंय, सोमवारी गल्लीतल्या कुणाला न उठवता पाचच्या शिफ्टला पोचायचंय आणि मागच्या सीटवर आईला आरामात बसवायचंय, त्याला हे तिन्ही एकाच गाडीत देणारं दोन कोटींत तेव्हा दुसरं काही मला दिसलं नाही. 3.30 कोटींना आलेली मर्सिडीज-एएमजी एस 63 होती, पण ती मालकानं मागं बसायची गाडी. दादा मागं बसणारा माणूस नाही.

सर अजून मानत नाहीत. म्हणून येत्या रविवारी पन्हाळा ठरलाय. रात्री फुल चार्ज करायची, वर जाताना पेट्रोलचा थेंब जाळायचा नाही, आणि उतरताना स्टिअरिंग सरांकडे. मिस्त्री मागं बसून फक्त ब्रेकचं ऐकणार आहेत.