शिसं वितळवायचं विजेचं भांडं: पाऊस-हिवाळा वापरल्यानंतर

पागाच्या (फेकून टाकायच्या जाळ्याच्या) गोळ्या आणि गळाची वजनं घरी ओतायला गेल्या पावसाळ्याआधी हे भांडं घेतलं. साडेचार किलो शिसं मावतं, खाली तोटी, बाजूला तापमानाची चकती. पूर्वी आमच्याकडे हे काम शेगडीवर लोखंडी कढईत चालायचं.

खरा फरक तापमानात पडला. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, ओतायला ३७० ते ४०० पुरतं. शेगडीवर ते किती तापलंय ते कळत नाही, आणि पाचशेच्या आसपास गेलं की वाफा घातक होऊ लागतात. भांडं ठरवलेल्या तापमानावर टिकतं. चकतीवर मात्र विसंबू नका, वेगळा थर्मामीटर लावा. टायर बॅलन्सिंगच्या जुन्या वजनांत जस्ताचीही निघतात. जस्त ४१९ अंशांला वितळतं, त्यामुळे त्याखाली राहिलं की ती न वितळता वर तरंगतात, चिमट्याने उचलायची.

तोटीत मळी (वितळलेल्या शिशावर येणारा मळ) अडकते आणि तोटी ठिबकते. मी पळीनेच ओततो.

पाण्याची भीती भांडं घेऊनही जात नाही. समुद्रातून आलेल्या वजनाच्या भोकात ओल राहते. वितळलेल्या शिशात ती गेली की क्षणात वाफ होऊन शिसं उसळतं. म्हणून सगळं वाळवून थंड भांड्यातच घालायचं, साचाही आधी तापवायचा. तोंडावर पूर्ण ढाल, चामड्याचे हातमोजे आणि बूट हवेतच.

सगळ्यात जास्त सांभाळायची ती वर येणारी राखाडी मळी. तिची भुकटी हाताला, कपड्याला लागून पोटात जाते, आणि तिथे भांड्याचा काही उपयोग नाही. झाडू कधीच मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. साधा कापडी मास्क कुचकामी, अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या पी१०० फिल्टरचाच घ्या. साबणाने हात धुतल्याशिवाय चहा नाही, तंबाखू मळणं तर नाहीच. कपडे वेगळे धुवा. लहान मुलं आणि गरोदर बाई तिकडे फिरकता कामा नये. मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानत नाहीत. नियमित ओतणाऱ्याने रक्तातलं शिसं तपासून घ्यावं.

गाडीच्या बॅटरीतलं शिसं फुकट मिळालं तरी नको. त्यात आम्ल असतं, अँटिमनी आणि आर्सेनिक ही विषारी द्रव्यंही असू शकतात.

बाजूंनी मोकळी पडवी किंवा शेड असेल तर भांडं जरूर घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर तयार गोळ्याच विकत आणा.