अंडी गोठवण्याचा सिलिकॉनचा साचा : वस्तू कामाची, सूचनापत्रक बिनकामाचे

घरात अंडी एकदम जास्त आली आणि तितकी संपण्यासारखी नसली, की ती टिकवायची कशी हा प्रश्न येतो. त्यावरचा सोपा उपाय म्हणून कप्प्याकप्प्यांचे आणि झाकण असलेले सिलिकॉनचे साचे विकले जातात. असा एक साचा बराच काळ वापरल्यानंतर माझे मत बनले आहे ते असे : साचा घेण्यासारखा आहे, पण त्यासोबत मिळालेले सूचनापत्रक वाचून बाजूला ठेवावे.

साच्याचा खरा उपयोग अंडी टिकवण्यापेक्षा मोजण्याचा आहे. एका कप्प्यात साधारण ४५ मिलिलिटर, म्हणजे तीन टेबलस्पून मिश्रण मावते आणि तेवढेच एका मोठ्या अंड्याचे माप असते. त्यामुळे केकला दोन अंडी लागणार असतील, तर दोन वड्या काढल्या की काम होते. एकाच डब्यात गोठवलेल्या अंड्यांचा दगडासारखा गोळा फोडत बसावे लागत नाही. कप्प्याच्या तळाला बोटाने दाबले, की घट्ट गोठलेली वडी अखंड बाहेर येते. धातूच्या किंवा कडक प्लास्टिकच्या भांड्यात हे इतके सहज जमत नाही.

सूचनापत्रकात मात्र 'प्रत्येक कप्प्यात एक अंडे फोडावे आणि साचा फ्रीझरमध्ये ठेवावा' एवढेच लिहिले आहे. आक्षेप नेमका इथे आहे. साधारण उणे ६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेल्या बलकातले प्रथिन-स्निग्ध कण एकमेकांना चिकटून त्याची खळ बनते आणि अंडे वितळले तरी ती पुन्हा पातळ होत नाही. अशी वडी वाटीत वितळू दिली, तर भोवतीचा पांढरा भाग पाण्यासारखा पसरतो आणि मधोमध बलकाचा घट्ट, चिकट गोळा तसाच राहतो. चमच्याने दाबला तर तो फुटतो, पण पांढऱ्यात मिसळत नाही. हे अंडे वाया जात नाही, ते शिजवून खाता येते. पण ऑम्लेटमध्ये बलकाच्या गाठी लागतात आणि केकच्या मिश्रणात त्या कितीही फेटल्या तरी पूर्ण जात नाहीत.

म्हणून अंडी साच्यात टाकण्याआधी एका भांड्यात फोडून बलक आणि पांढरा भाग एकजीव होईपर्यंतच ढवळावीत, फेस येऊ देऊ नये, आणि मिश्रण गाळणीतून गाळून घ्यावे. एक कप मिश्रणाला अर्धा चहाचा चमचा मीठ किंवा एक टेबलस्पून साखर मिसळली, की बलक घट्ट होण्याचे प्रमाण बरेच कमी होते. नुसते बलक गोठवायचे असतील तर मीठ तेवढेच, पण साखर दीड टेबलस्पून घ्यावी. मिठाची वडी कोणती आणि साखरेची कोणती हे दिसण्यावरून ओळखता येत नाही, त्यामुळे वड्या पिशवीत भरताना त्यावर तारखेबरोबर हेही लिहिणे आवश्यक आहे. नाहीतर कस्टर्ड खारट होण्याची वेळ येते. नुसता पांढरा भाग मात्र काहीही न घालता उत्तम गोठतो, आणि वितळल्यावर तो खोलीच्या तापमानाला आला की चांगला फुलतो. माझ्या मते हा साचा सर्वांत जास्त शोभतो तो या कामासाठी, कारण बलक वापरून उरलेला पांढरा भाग एरवी फ्रीजमध्ये विसरला जातो.

फ्रीझर उणे १८ अंशांवर असेल तर वड्या वर्षभर ठेवता येतात. त्या वितळवाव्यात फ्रीजमध्येच, ओट्यावर नव्हे, आणि वितळल्यावर लगेच वापराव्यात. गोठवल्याने साल्मोनेला हा अन्नातून विषबाधा करणारा जंतू मरतोच असे नाही. म्हणून ही अंडी पूर्ण शिजणाऱ्या पदार्थांतच घालावीत आणि पदार्थ आतून ७१ अंशांपर्यंत तापू द्यावा. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजसाठी ती वापरू नयेत. टरफलासकट अंडे गोठवू नये, कारण आतला भाग प्रसरण पावून टरफल तडकते. उकडलेले अंडेही गोठवू नये. त्याचा पांढरा भाग रबरासारखा चिवट होऊन पाणी सोडतो.

साच्यावर खर्च करण्यापेक्षा जुने उपाय का करू नयेत, असे कोणी विचारील. चुन्याच्या निवळीत न धुतलेली ताजी अंडी बुडवून ठेवली की टरफलाची छिद्रे बंद होतात आणि अंडी अनेक महिने टिकतात हे खरे आहे. पण पांढरा भाग हळूहळू पातळ होतो आणि आत आधीपासून असलेला जंतू निवळीने मरत नाही. व्हिनेगरमधली उकडलेली अंडी चवीला छान लागतात, मात्र ती फ्रीजमध्येच ठेवायची असतात. १९९७ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात घरी अशी मुरवलेल्या अंड्यांमुळे बोट्युलिझम (जंतूच्या विषाने होणारी गंभीर विषबाधा) झाल्याची नोंद आहे. ती अंडी टोचून भोके पाडलेली होती आणि फ्रीजबाहेर ठेवलेली होती. या तुलनेत फ्रीझरची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते.

साच्यात दोन उणिवा आहेत. तो लवचिक असल्यामुळे भरल्यावर नुसता उचलला की मधे वाकतो आणि मिश्रण सांडते, म्हणून आधीच सपाट ताटलीवर ठेवून भरावा. दुसरे, सिलिकॉन वास धरून ठेवते; शेजारी कांदा किंवा मासे असतील तर तो वास वड्यांना लागतो आणि साच्याचे झाकण सैल असल्यामुळे ते तो अडवत नाही. त्यामुळे वड्या गोठल्या की साच्यातून काढून हवा काढलेल्या पिशवीत भराव्यात. अंडी क्वचितच उरत असतील त्यांनी साध्या बर्फाच्या ट्रेवर भागवावे. फक्त एका कप्प्यात किती चमचे मावतात ते आधी मोजून ठेवावे.