१०जी एलआर ‘कंपॅटिबल’ मॉड्यूल: घ्या, पण कोडिंग लिहून घ्या

स्विच कंपनीचा शिक्का नसलेलं, बाजारात ‘कंपॅटिबल’ म्हणून मिळणारं १०जी एलआर एसएफपी प्लस मॉड्यूल, म्हणजे नेटवर्क स्विचच्या पोर्टात बसून विजेचा सिग्नल लाइटमध्ये बदलून फायबरवर सोडणारी डबी (१०जी म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट, एलआर म्हणजे लाँग रीच), घ्यावं का? घ्यावं. सिंगलमोड फायबरवर १० किलोमीटरपर्यंतची लिंक उभी करायची तर इतकी पैसा वसूल वस्तू दुसरी नाही. नीट विक्रेत्याकडचं मॉड्यूल लाइटच्या बाबतीत ओरिजिनलला हार जात नाही. ते मार खातं दोन ठिकाणी: आतल्या कोडिंगमध्ये आणि उन्हाळ्यात.

हातात घेऊन पाहा. जेमतेम साडेपाच सेंटिमीटर लांबीची धातूची डबी, पुढे दोन भोकांवर रबरी टोपी, त्याखाली निळी कडी. निळी म्हणजे १३१० नॅनोमीटर तरंगलांबीची लाइट. एसआरची, म्हणजे ८५० नॅनोमीटरवाल्या मल्टिमोड मॉड्यूलची कडी सहसा काळी किंवा मातकट असते. मागच्या पट्टीवर २० सोनेरी पिना, पण सगळ्या एका रेषेत संपत नाहीत. ग्राउंडच्या पिना किंचित पुढे आहेत, त्यामागे पॉवरच्या, सर्वांत मागे सिग्नलच्या. म्हणून चालू स्विचमध्ये मॉड्यूल घातलं तरी आधी ग्राउंड लागतो आणि काही जळत नाही. या पट्टीला बोट लावू नका, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा. काढताना आधी पॅचकॉर्ड (मॉड्यूलला लावलेली फायबरची छोटी वायर), मग कडी खाली, मग मॉड्यूल. कॉर्डला धरून मॉड्यूल ओढलं की कडी वाकते आणि पुढच्या वेळी ते पोर्टात अडकून बसतं.

आता कोडिंग. मॉड्यूलच्या आत २५६ बाइटची एक छोटी मेमरी असते. तिच्यात २० ते ३५ या बाइटमध्ये विक्रेत्याचं नाव, ४० ते ५५ मध्ये पार्ट नंबर, ६८ ते ८३ मध्ये सिरियल नंबर, ६३ आणि ९५ व्या बाइटमध्ये चेकसम, म्हणजे बाकीचे बाइट बरोबर आहेत का हे पडताळायचा आकडा. ९६ पासून १२७ पर्यंतची जागा कंपनीला स्वतःसाठी मोकळी सोडलेली आहे, आणि ‘हे आमचं मॉड्यूल आहे का’ याची खूण काही कंपन्या तिथेच ठेवतात. स्विच हे वाचतो आणि पटलं नाही तर पोर्ट बंद करतो. लेझर ठणठणीत असूनही मॉड्यूल ‘डेड’ म्हणून परत जातं ते बरेचदा यामुळे. सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर ‘सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर’ ही कमांड चालते. प्रश्नचिन्ह दाबून मदत मागितली तर ती यादीत दिसत नाही, पूर्ण टाइप करावी लागते. इंटेलच्या एक्स५२० नेटवर्क कार्डला लिनक्समध्ये ड्रायव्हरचा ‘अलाऊ_अनसपोर्टेड_एसएफपी’ हा पर्याय १ करून द्यावा लागतो. पण हा तात्पुरता इलाज झाला. ऑर्डर देतानाच स्विचचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कळवा आणि ‘याच्यासाठी कोड केलेलं’ असं कोटेशनवर लिहून घ्या. लिंकच्या दोन टोकांना दोन कंपन्यांचे स्विच असतील तर दोन वेगळी कोडिंग लागतील. लाइटला त्याने काही फरक पडत नाही, ती दोन्हीकडे सारखीच असते.

माल आला की सगळ्या नगांचे सिरियल नंबर वाचून काढा. अगदी स्वस्त लॉटमध्ये एकच नंबर सगळ्यांवर छापलेला सापडतो. काही स्विच एकाच नंबरची दोन मॉड्यूल शेजारी स्वीकारत नाहीत. स्वीकारली तरी उद्या वॉरंटीत कोणतं कुठलं, हे कसं ठरवणार?

लाइटचे आकडे पाठच करण्यासारखे आहेत. १०जी एलआरच्या मानकाप्रमाणे मॉड्यूलने सोडायची सरासरी पॉवर उणे ८.२ ते अधिक ०.५ डीबीएम (डीबीएम हे लाइटच्या ताकदीचं माप, डीबी हे तिच्यातल्या घटीचं), आणि समोरच्याला मिळायला हवी ती उणे १४.४ ते अधिक ०.५. दोन्हींची खालची टोकं वजा केली की उरतात ६.२ डीबी. मधल्या सगळ्या फायबरला, जॉइंटला आणि कनेक्टरला मिळून एवढंच बजेट. चार किलोमीटरची कॅम्पस लिंक घ्या: किलोमीटरला ०.३५ प्रमाणे फायबरचे १.४, सहा स्प्लाइसचे (फायबर वितळवून केलेल्या जॉइंटचे) ०.६, चार कनेक्टरचे २. झाले ४ डीबी. म्हणजे मानकात बसणारं सर्वांत मंद मॉड्यूल लावलं तरी २.२ डीबी शिल्लक राहतात. आणि वरची टोकं दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे एलआर एक मीटरच्या कॉर्डवरही बिनधास्त जोडता येतं, लाइट मुद्दाम कमी करणारा अटेन्युएटर लागत नाही. ४० किलोमीटरच्या ईआर मॉड्यूलबद्दल असं म्हणता येत नाही. तिथे मध्ये किमान ५ डीबी लॉस हवाच, नाहीतर रिसीव्हर जायची भीती. ‘जास्त अंतराचं घेतलेलं बरं’ हा हिशेब इथे महागात पडतो.

हे आकडे मॉड्यूल स्वतःच सांगतं. सिस्कोवर ‘शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर डिटेल’, लिनक्सवर ईथटूलचा ‘एम’ पर्याय. तापमान, व्होल्टेज, लेझरचा करंट, जाणारी लाइट, येणारी लाइट असे पाच आकडे. मात्र पॉवरच्या आकड्यांना मानकाने ३ डीबी इकडेतिकडे व्हायची मुभा दिलेली आहे. एका मॉड्यूलने उणे ५ दाखवलं आणि बदललेल्याने उणे ७, म्हणून फायबर खोदायला जाऊ नका. पॉवर मीटर लावा. या आकड्यांचा खरा उपयोग त्याच मॉड्यूलची सहा महिन्यांपूर्वीची नोंद शेजारी ठेवण्यात आहे. जाणारी लाइट तशीच पण करंट हळूहळू चढतोय, तर लेझर थकतोय. तीच लाइट टिकवायला त्याला जास्त विजेची गरज पडू लागली आहे. येणारी लाइट उणे ४० दिसत असेल तर ती येतच नाही, आधी पॅचकॉर्डचे दोन धागे उलटे लागलेत का ते पाहा. १३१० नॅनोमीटरची लाइट डोळ्याला दिसत नाही, फोनच्या कॅमेऱ्यातही सहसा नाही. भोकात डोकावून काहीच कळत नाही आणि डोळा मात्र धोक्यात येतो.

तक्रारींतला मोठा वाटा मॉड्यूलचा नसून घाणीचा असतो. सिंगलमोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. फायबरचं टोक तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर करड्या गोल चकतीच्या मधोमध तो ठिपका दिसतो, आणि ‘नव्या’, पाकिटातून आत्ता काढलेल्या कॉर्डवरही त्या ठिपक्याला चिकटून टोपीचा प्लॅस्टिकचा कण बसलेला सापडतो. तशीच खुपसली की तो कण मॉड्यूलच्या आतल्या टोकावर दाबला जातो. म्हणून दर वेळी, कॉर्ड नवी असली तरी, टोक पुसायचा १.२५ मिलिमीटरचा पेन क्लीनर एकदा ‘टिक्’ वाजेपर्यंत दाबायचा. मॉड्यूलच्या भोकातही तोच चालतो. कॉर्डच्या टोकावर तेलकट डाग राहिलाच तर धागे न सुटणाऱ्या कापडावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि लगेच कोरडं. कानाची काडी, शर्टाचं टोक, तोंडाची फुंकर यांतलं काही नको. फुंकरीतून ओल जाते. आणि हिरवी टोकं! घराघरांत फायबर देणाऱ्यांकडे एपीसी, म्हणजे तिरक्या टोकाच्या, कनेक्टरचा सुकाळ असल्यामुळे हिरव्या एलसी कॉर्ड (मॉड्यूलच्या भोकात बसणाऱ्या छोट्या कनेक्टरच्या) हाताशी असतात. त्यांचं टोक ८ अंशांत घासलेलं, मॉड्यूलचं सरळ. कडी बसते, लिंकही कधीकधी येते, पण मध्ये फट राहून लाइट सांडते. एलआरला निळी, सरळ टोकाची यूपीसीच हवी.

उन्हाळ्यात हे मॉड्यूल उघडं पडतं. साध्या मॉड्यूलची मर्यादा ० ते ७० अंश, तीही बाहेरच्या हवेची नव्हे, डबीच्या धातूची. एसी असलेल्या खोलीत प्रश्नच नाही. पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ असताना खांबावरच्या पत्र्याच्या बंद पेटीतली हवा त्याच्या कितीतरी वर जाते, आणि मॉड्यूल त्या हवेहूनही गरम. दुपारी लिंक पडते, संध्याकाळी आपोआप येते, अशी तक्रार आली की तापमानाचा आकडा दुपारी वाचा. अशा जागी उणे ४० ते ८५ अंशांचं इंडस्ट्रियल मॉड्यूलच घ्या. त्यात पैसे वाचवू नका. त्याच पेटीत १०जीचं कॉपर मॉड्यूल असेल तर ते एलआरला चिकटून लावू नका. एलआर एक वॉटच्या आसपास खातं, ते अडीच वॉटपर्यंत जातं आणि शेजाऱ्याला तापवतं.

ताब्यात घेण्यापूर्वीची चाचणी सोपी आहे. दोन मॉड्यूल, दोन मीटरची स्वच्छ डुप्लेक्स कॉर्ड, दोन टोकांना दोन सर्व्हर, आणि रात्रभर भरपूर ट्रॅफिक. मानकाला १०जीच्या पूर्ण वेगात साधारण १०० सेकंदांना एक चुकीचा बिट चालतो; धडधाकट मॉड्यूल इतक्या छोट्या कॉर्डवर त्याच्या जवळपासही जात नाही. सकाळी सीआरसीचा, म्हणजे बिघडून आलेल्या पॅकेटांचा, आकडा शून्य नसेल तर टोकं पुसून आणि कॉर्ड बदलून आणखी एक रात्र द्या. तरीही वाढला तर त्या जोडीतलं एकेक मॉड्यूल खात्रीच्या नगासमोर लावा आणि दोषी निघेल ते परत करा. दर वीस नगांमागे दोन जास्तीचे घ्या, टोपी लावून अँटिस्टॅटिक पाकिटात ठेवा, आणि कोणत्या स्विचसाठी कोड केलंय ते पाकिटावर मार्करने लिहा. कारण रात्री दोनला स्पेअर शोधणाऱ्याला सगळ्या निळ्या कड्या सारख्याच दिसतात.