अंगणात हरळीचे लॉन की पेव्हर ब्लॉक?
पुण्यासारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या गावात १०० चौरस मीटर अंगणाचा प्रश्न शेवटी पाण्यापाशी येऊन थांबतो. एका चौरस मीटरवर ५ मिलिमीटर पाणी म्हणजे ५ लिटर. त्या हिशेबाने हिरवळीला रोज ५०० लिटर द्यावे लागतात आणि टँकर मागवणाऱ्या घराला हे परवडणारे नाही. लॉन लावायचेच असेल तर हरळी घ्यावी (गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच), कारण पाण्याची ओढ बसली की ती पिवळी पडते, पण पावसाबरोबर पुन्हा फुटते. खरा त्रास लव्हाळ्याचा: वरची पात उपटली तरी जमिनीतली काळपट गाठ तशीच राहते आणि काही दिवसांत नवा कोंब वर येतो, म्हणून तो खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो.

पेव्हर ब्लॉकला ही निगा लागत नाही. चालण्यापुरते ६० मिलिमीटर जाडीचे पुरतात. गाडी उभी राहणार असेल तर ८० मिलिमीटरचे घ्यावेत. मात्र ते खडी आणि कचेच्या थरावर बसवावेत, कारण खाली काँक्रीट ओतले तर पावसाचे पाणी मुरत नाही. वैशाखातल्या दुपारी त्यांच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. मी स्वतः गाडीच्या वाटेपुरते ब्लॉक घेईन आणि उरलेल्या उन्हाच्या जागेत हरळी लावीन. झाडाखाली ती विरळच राहते.